दंतकथेवर फँटसी लिहिताय? आधी नीरा नरसिंहपूरला जाऊन या

इंदापूर तालुक्यात नीरा-भीमेच्या संगमावर नीरा नरसिंहपूर आहे. प्रल्हादाने इथे वाळूची नृसिंहमूर्ती घडवून पुजली, अशी श्रद्धा. यावर फँटसी लिहायला अभ्यास किती हवा? माझ्या मते पुराण चाळलं तरी चालेल, स्थळकथा मात्र मुरवायला हवी. खांबातून प्रकटणारा नृसिंह सगळ्यांनाच ठाऊक. वाळूचा देव इथला. ही स्थळकथा आधी मुरवा, मग ती बिनधास्त बदला! बारामतीच्या कवी मोरोपंतांचंच पाहा. त्यांनी (१७२९-१७९४) १०८ रामायणं रचली असं मानतात. त्यांच्या निरोष्ठ रामायणात तर प, फ, ब, भ, म वर्ज्य. कथा तोंडपाठ असल्याशिवाय असला खेळ जमतोय होय? आणि उजनी धरणात बुडालेलं पळसदेवचं मंदिर कथेत आणणार असाल, तर ते पाणी ओसरल्यावरच पूर्ण दिसतं. भर पावसाळ्यात नायकाला तिथे चालत पाठवू नका.