खोखा, पेठ आणि शहाजोग

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. एक तरुण व्यापारी आजोबांच्या पेटीतील जुन्या कागदांचे पुडके घेऊन माझ्या टेबलाशी आला. पुडक्यावर मोडीत लिहिलेला एकच शब्द त्याने कोणाकडून तरी वाचून घेतला होता : खोखा. मुंबईच्या बोलीत खोका म्हणजे एक कोटी. त्यामुळे त्याचे डोळे चमकत होते.

त्या हुंड्या होत्या. रक्कम चुकती करून रद्द झालेल्या हुंडीस पेढीवर खोखा म्हणत. आजोबांनी सगळे देणे वेळेवर फेडले होते, एवढाच त्याचा अर्थ.

हुंडीव्यवहारात एकेक शब्द ही एकेक अट असे. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यावयाचे, मुदतीची असल्यास ठरल्या दिवशी. धनीजोग हुंडीचे पैसे धन्यास. शहाजोग हुंडीचे मात्र बाजारात पत असलेल्या शहासच, म्हणून ती चोराच्या फारशी कामाची नसे. (आज आपण शहाजोग कोणाला म्हणतो, ते वाचक जाणतातच!) हुंडी गहाळ झाल्यास पेठ, तीही गहाळ झाल्यास परपेठ. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच मिळत, विमाच तो. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील अशा दस्तऐवजांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. एम.कॉम.ला हे शब्द आम्ही केवळ गुणांसाठी पाठ केले होते.

"मग साहेब, हे रद्दीत घालू?" त्याने विचारले.

"आधी वडिलांना दाखवा," मी म्हणालो आणि पुडके पुन्हा दोऱ्याने बांधून दिले.