विवाहाविना सहजीवनाची समाप्ती आणि संयुक्त गृहकर्ज

प्रस्तावना :
विवाह न करता एकत्र राहणारी काही जोडपी संयुक्त नावाने सदनिका व गृहकर्ज घेतात. अशा सहजीवनाच्या समाप्तीसाठी घटस्फोटासारखी कायदेशीर प्रक्रिया नाही. नाते संपले तरी कर्ज आणि मालकी ही दोन बंधने कायम राहतात व ती स्वतंत्रपणे सोडवावी लागतात. त्यांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कर्जाचे दायित्व :
भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार धनको संयुक्त ऋणकोंपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण वसुली करू शकतो. आपसांत काहीही ठरले असले तरी ते बँकेवर बंधनकारक नसते. समजा, ३०,००० रुपयांचा हप्ता दोघे निम्मा-निम्मा भरत होते आणि घर सोडून गेलेल्या व्यक्तीने भरणा थांबविला, तर दुसऱ्यास पूर्ण हप्ता भरावा लागतो. सहऋणकोच्या वाट्याची रक्कम त्याच्याकडून मागता येते. परंतु हप्ता थकल्यास दोघांचीही पत घसरते.

मालकीचा हिस्सा :
मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४५ नुसार, वेगळा करार नसल्यास, खरेदीत घातलेल्या रकमेच्या प्रमाणात हिस्सा ठरतो. पुरावा नसल्यास हिस्से समान मानले जातात. म्हणून बँकेचे उतारे व पावत्या जपणे महत्त्वाचे ठरते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये विवाहसदृश संबंधातील पीडित स्त्रीस सामायिक घरात निवासाचे संरक्षण मिळू शकते. त्यातून मालकी मात्र निर्माण होत नाही.

उपलब्ध मार्ग :
१) सदनिका विकून कर्ज फेडणे व शिल्लक रक्कम हिस्स्यानुसार वाटून घेणे.
२) एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेणे. यासाठी एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज चालू ठेवण्यास बँकेची लेखी संमती आणि नोंदणीकृत दस्त आवश्यक असतो. महाराष्ट्रात राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर पती-पत्नीस मिळणारी मुद्रांक शुल्काची सवलत अविवाहित जोडीदारास मिळत नाही.
३) सहमती न झाल्यास वाटपाचा दावा. सदनिकेचे प्रत्यक्ष विभाजन व्यवहार्य नसल्यास, निम्मा वा अधिक हिस्सा असलेल्यांच्या विनंतीवरून वाटप अधिनियम, १८९३ नुसार न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते.

समारोप :
हक्कसोडपत्र करून देणारी व्यक्ती घर गमावते, परंतु बँकेने नाव कमी करेपर्यंत कर्जातून मुक्त होत नाही. त्यामुळे बँकेची संमती प्रथम आणि दस्त नंतर, हा क्रम पाळणे हितावह ठरते. खरेदीच्या वेळीच हिस्सा, हप्ते व विभक्त होण्याच्या अटी लेखी ठरविल्यास पुढील वाद बहुतांशी टळू शकतो.