निष्ठा आणि हट्ट

मराठीतील काही शब्द अतिवापराने झिजून गेले आहेत. ‘निष्ठा’ हा त्यांपैकी एक. निवडणूक जवळ आली की निष्ठावंतांची संख्या वाढते आणि उमेदवारांची यादी जाहीर होताच ती घटते! वास्तविक या शब्दाच्या पोटात ‘स्था’ हा संस्कृत धातू आहे. ठाम उभे राहणे हा त्याचा गाभा. त्याचा शेजारी ‘हट्ट’ आला तो ‘हठ’ म्हणजे बळजोरी या शब्दावरून. माघार दोन्हींत नाही. परंतु हट्ट स्वतःसाठी काही मागतो; निष्ठा स्वतःजवळचे देऊन टाकते.

हा भेद कोशापेक्षा मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर अधिक स्पष्ट होतो. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल हे वकील. सनदेच्या बळावर त्यांना सुखाने जगता आले असते. त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, शाळा चालविल्या आणि १९४२ च्या आंदोलनात ‘आझाद दस्ता’ उभारून विजेचे मनोरे पाडले. परकीय सरकारच्या लेखी तो गुन्हा होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील धारातीर्थी पडले. ठाम उभे राहणे याचा अर्थ त्या दिवशी रक्ताने लिहिला गेला.

शेजारच्या शहापूर तालुक्यात या शब्दांची वेगळी परीक्षा चालू आहे. १८९२ साली पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे पाणी तेव्हापासून मुंबईची तहान भागवीत आहे. पुढे भातसाही त्या कामी आली. मात्र उन्हाळा लागला की त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडे घेऊन टेकड्या चढणाऱ्या स्त्रिया वर्षानुवर्षे पाणी मागत आहेत. हे मागणे स्वतःसाठी आहे, म्हणून त्याला हट्ट म्हणावयाचे काय? ज्या मुलखाने आपल्या नद्या आणि दऱ्याखोरी आधीच देऊन टाकली, त्याच्या मागणीला ‘हक्क’ हाच शब्द शोभतो.

राज्यकर्त्यांनी आपल्या अनुयायांकडून निष्ठेची अपेक्षा जरूर करावी. पण तानशाकाठच्या पाड्यांना दिलेल्या शब्दावर ते स्वतः किती ठाम उभे राहतात, तेही एकदा मोजले गेले पाहिजे.