दोष एकट्या आईचा नव्हे

मूल वारंवार आजारी पडू लागले, सांधे धरून रात्र-रात्र कण्हू लागले, की घरातील वडीलधाऱ्यांची नजर प्रथम सुनेकडे वळते. 'आमच्या घराण्यात असले काही नव्हते' हे वाक्य मागोमाग येतेच. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात ज्या सिकलसेल आजाराने ठाण मांडले आहे, त्याच्याबाबत तरी या वाक्याला काडीचा आधार नाही. घराण्यात रोगी नसेल. जनुक मात्र होते.

हिमोग्लोबिनची एक साखळी घडविणारे हे जनुक प्रत्येकाजवळ जोडीने असते. त्यातील एक आईने दिलेले, दुसरे वडिलांनी. त्यात किंचित बदल झाला की साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. व्हर्नन इनग्रॅम यांनी हे १९५७ साली दाखवून दिले. एवढ्याशा फरकाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांतच नाश पावते. परंतु हे घडते ते दोन्ही जनुके सदोष असतील तेव्हा. एकच सदोष असेल, तर तो मनुष्य केवळ वाहक. तो शेतात राबतो, नोकरी करतो, आणि आपण वाहक आहोत याचा त्याला बहुधा पत्ताही नसतो. (हेच एकटे जनुक बालपणीच्या घातक हिवतापापासून वाहकाचे रक्षण करते. हिवतापाच्या मुलखात ते टिकून राहिले ते त्यामुळेच.)

पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी मूल रोगी होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक. 'एक आजारी निघाले, आता पुढची तिन्ही सुटली' हा हिशेब अनेक सुशिक्षितही करतात. तो चुकीचा आहे. नाणे दर वेळी नव्यानेच उडविले जाते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु तपासणीनंतर हाती पडणारे कार्ड मुलीच्या लग्नाच्या आड येणार असेल, तर ते पेटीच्या तळाशीच जाईल. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस गावी गेल्या शतकात असेच झाले. तेथे वाहकांची नोंद झाली, समुपदेशनही झाले. पण वाहकांना कमीपणा येऊ लागला, काहींनी माहिती दडविली आणि वाहकांचे आपसातील विवाह काही घटले नाहीत.

वस्तुतः वाहकाने अविवाहित राहण्याचे काहीच कारण नाही. जोडीदार निर्दोष असेल, तर या विकाराचे रोगी मूल होत नाही. मात्र जोडीदाराची थॅलेसेमियासाठीही तपासणी व्हावयास हवी. ते जनुक सिकलच्या जनुकाशी जोडीने आले तरी मूल आजारी होऊ शकते.

आणि गर्भवतीचा अहवाल 'वाहक' असा आला, तर त्याच आठवड्यात नवऱ्याला दवाखान्यात बोलावले पाहिजे. गर्भजल वा वारेच्या अंशावरून निदान करण्यास मुदत फार थोडी असते. 'मला काय झाले आहे?' असे तो विचारील. त्याला काहीच झालेले नसेल, आणि तरीही तपासणी त्याचीच हवी.