मंगळयान, सरकीची पेंड आणि वाटेतली तपासणी

२३ सप्टेंबर १९९९ रोजी 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे अमेरिकी यान मंगळाच्या आड गेलं आणि त्याचा संदेश पुन्हा आला नाही. कक्षेत शिरताना ते मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवर असणार, असा हिशेब होता. नंतरच्या गणितात ती उंची जेमतेम ५७ किलोमीटर निघाली. तेवढ्या खाली मंगळाचं वातावरण यानाला शिल्लक ठेवत नाही.

चूक शाळकरी होती. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेला रेटा एका संगणक प्रणालीने पाउंडांच्या हिशेबात कळवला आणि मार्ग आखणाऱ्यांनी तो न्यूटनच्या हिशेबात वाचला. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. पण ही कहाणी एकक चुकल्याची म्हणून जितक्या वेळा सांगितली जाते, तितक्या वेळा तिचा उत्तरार्ध सांगितला जात नाही. प्रवास नऊ महिन्यांहून अधिक चालला होता. त्या काळात मार्ग चार वेळा दुरुस्त केला गेला होता. आकडे जुळत नाहीत, अशी शंका मार्ग आखणाऱ्यांना वाटेतच आली होती. शेवटच्या दिवसांत पाचव्या दुरुस्तीचीही चर्चा झाली. ती केली गेली नाही. शंका होती, पण तिची रीतसर नोंद करून उत्तर मागण्याची सक्ती कुणावर नव्हती.

याच्या नेमकं उलट उदाहरण आपल्याकडचं आहे. ५ नोव्हेंबर २०१३, भाऊबीजेच्या दुपारी श्रीहरिकोट्याहून मंगळयान निघालं. रॉकेट लहान, त्यामुळे यान थेट मंगळाच्या वाटेला लावणं शक्य नव्हतं. पृथ्वीभोवती फेऱ्या मारत कक्षा टप्प्याटप्प्याने लांबवायची होती. चौथ्या टप्प्यात यान एक लाख किलोमीटर दूर जायला हवं होतं, ते ७८ हजारांच्या आसपासच पोहोचलं. इस्रोने आकडे पाहिले, कारण शोधलं आणि दुसऱ्याच दिवशी जादा रेटा देऊन कसर भरून काढली. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये ठरलेली एक दुरुस्ती गरज नाही म्हणून रद्दही केली. मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस बंद होतं. कक्षेत शिरण्याच्या दोन दिवस आधी ते चार सेकंद पेटवून पाहिलं. २४ सप्टेंबरला यान मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा तिथून निघालेला संदेश पृथ्वीवर यायला साडेबारा मिनिटं लागत होती. ऐन वेळी हस्तक्षेप करण्याची सोयच नव्हती. जे पाहायचं ते आधी, वाटेत.

अवकाशशास्त्रातली ही शिस्त स्वयंपाकघरात आणि गोठ्यात पोहोचली, ती याहून बरीच आधी. त्याला निमित्त झालं अंतराळवीरांचं जेवण.

१९५९ च्या सुमारास नासाने अमेरिकेतल्या पिल्सबरी या पीठ दळणाऱ्या कंपनीला अंतराळात नेण्याजोगं अन्न तयार करायला सांगितलं. पहिली अडचण होती चुऱ्याची. वजनरहित यानात चुरा तरंगतो आणि उपकरणांत शिरतो, म्हणून घासाएवढ्या वड्या करून त्यांवर जिलेटिनचा लेप देण्यात आला. (१९६५ मध्ये 'जेमिनी ३' यानात जॉन यंग यांनी खिशातून चोरून सँडविच नेलं, त्याचा चुरा उडाला आणि प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेलं.) दुसरी अडचण खरी अवघड होती. अंतराळात कुणाला अन्नातून विषबाधा झाली तर डॉक्टर कुठून आणणार?

त्या काळची रीत अशी की माल तयार झाला की त्यातले काही नग फोडून तपासायचे. पिल्सबरीतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हॉवर्ड बाउमन यांच्या लक्षात आलं की नासाला हवी तेवढी खात्री या मार्गाने द्यायची, तर मालाचा मोठा हिस्सा तपासण्यातच संपून जाईल. साधं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. हजारातलं एक पाकीट दूषित असेल आणि ६० पाकिटं फोडून तपासली, तर दोष सापडण्याची शक्यता सहा टक्क्यांच्याही आत राहते. म्हणजे १०० पैकी ९४ वेळा अहवाल 'सर्व ठीक' असाच येणार.

बाउमन, नासाचे पॉल लाशान्स आणि अमेरिकी सैन्याची नेटिक इथली प्रयोगशाळा यांनी मग उलट बाजूने विचार केला. यंत्राचा कोणता भाग कसा निकामी होऊ शकेल, याची आधीच यादी करण्याची पद्धत अभियंते वापरत होतेच. तीच अन्नाला लावली. कच्चा माल येतो कुठून, शिजतो किती अंशांवर, थंड व्हायला किती वेळ लागतो, हात कुणाचे लागतात. यातल्या ज्या ज्या ठिकाणी धोका अडवता येतो तिथे मर्यादा ठरवायची, मोजायचं आणि मर्यादा ओलांडली की तिथेच थांबायचं. 'हॅझर्ड अॅनालिसिस अँड क्रिटिकल कंट्रोल पॉइंट्स' असं या पद्धतीचं लांबलचक नाव पडलं. आज कारखान्यांत सगळे तिला 'हॅसप' म्हणतात.

पद्धत चांगली आहे म्हणून जगाने लगेच उचलली, असं झालं नाही. १९७१ मध्ये खुद्द पिल्सबरीच्याच लहान मुलांच्या रव्यात काचेचे तुकडे सापडले, तेव्हा कंपनीने ती आपल्या इतर मालाला लावली. १९९३ मध्ये अमेरिकेत एका उपाहारगृह साखळीच्या कमी भाजलेल्या हॅम्बर्गरमधून जिवाणूंचा संसर्ग झाला. ७०० हून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. त्यानंतर १९९६ मध्ये तिथल्या मांस उद्योगाला हॅसप सक्तीचं झालं. नियम बहुधा असेच येतात, कुणाचा तरी जीव गेल्यावर.

भारतात तो धक्का मासळीने दिला. १९९७ मध्ये युरोपीय संघाने कारखान्यांतल्या अस्वच्छतेचं कारण देऊन भारतीय मासळीची आयात काही महिने रोखली. तोवर कोळंबी सोलण्याचं काम किनाऱ्यावरच्या सुट्या शेडमध्ये चालायचं, आणि मुख्य प्रक्रिया केंद्राचं त्यावर लक्ष असेलच असं नव्हतं. बंदीनंतर सोलण्याचं काम कारखान्याच्या आवारात आणणं भाग पडलं. द्राक्षांची गोष्ट याहून चुटपुट लावणारी. निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद ठेवणारी 'ग्रेपनेट' ही व्यवस्था अपेडा या कृषी निर्यातीच्या केंद्रीय संस्थेने २००६ मध्येच उभी केली होती. पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे रसायनांचे अंश तपासण्याची राष्ट्रीय प्रयोगशाळा होती. तरी २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. बागायतदार याला 'सीसीसी' म्हणतात. वेलीची वाढ आवरण्यासाठी ते वापरलं जात होतं. प्रयोगशाळेचं काही चुकलं नव्हतं, तपासणीच्या तेव्हाच्या यादीत हे रसायनच नव्हतं. नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याने त्या यादीची किंमत मोजली.

दुधाकडे वळलं की हाच प्रश्न गोठ्यात शिरतो. दिवाळीच्या तोंडावर खव्यावर छापे पडतात, टीव्हीवर कॅन ओतताना दाखवतात आणि दूध म्हणजे युरिया न् साबण, असं घरोघरी ठरून जातं. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने गोळा केले, त्यात भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने निघाले १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने निघाले ३६८, म्हणजे ५.७ टक्के. खरी काळजी करायची ती या दुसऱ्या आकड्याची. पण त्यावर छापा कसा घालणार? इथे दोषी कुणी माणूस नाही, बुरशी आहे.

बुरशीचं हे विष प्रथम ओळखू आलं ते टर्की पक्ष्यांमुळे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पटापट मेल्या. रोग कोणता ते कळेना. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. त्या पेंडीवर वाढलेल्या 'अस्परजिलस फ्लेवस' बुरशीने विष सोडलं होतं. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन यकृताचा विकार पसरला. ३९७ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले १०६ दगावले.

गाईने असा मका, सरकीची किंवा शेंगदाण्याची पेंड खाल्ली की एका दिवसाच्या आत विषाचा थोडा अंश बदललेल्या रूपात दुधात उतरतो. उकळून तो जात नाही, पाश्चरीकरणानेही नाही. गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि डिग्री पाहून भाव ठरतो. त्या यंत्रांना हे विष दिसत नाही. एकदा टँकरमध्ये शंभर गोठ्यांचं दूध मिसळलं की कुणाच्या पेंडीचा दोष, हेही सांगता येत नाही. मात्र बुरशी लागलेला खुराक थांबवला तर काही दिवसांत दूध स्वच्छ होतं. त्यामुळे सगळ्यांत उपयोगी तपासणी दुधाची नसून पोत्याची आहे: मका पुरेसा वाळवला का, पेंडीची थप्पी ओल्या जमिनीवर आहे की फळीवर, पावसाळ्यात भिजलेलं पोतं 'गुरांना चालतंय' म्हणून बाजूला काढलं का.

पाण्याच्या बाबतीत अंतराळात मिळालेला धडा आणखी वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नोव्हेंबर २००८ मध्ये लघवी आणि हवेतला दमटपणा यांपासून पिण्याचं पाणी करणारं संयंत्र पोहोचलं. लघवीतलं ८५ टक्के पाणी परत मिळवायचं, हे उद्दिष्ट पृथ्वीवरच्या चाचण्यांत गाठलं होतं. वर गेल्यावर पुढच्याच वर्षी ऊर्ध्वपातनाचा भाग तुंबला. साचलेला गाळ निघाला जिप्समचा! वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात आणि त्यांतलं कॅल्शियम लघवीतून बाहेर पडतं. लघवी टिकवण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल घातलं जात होतं. दोन्ही मिळून कॅल्शियम सल्फेट. चाचण्यांसाठी लघवी दिली होती जमिनीवर चालणाऱ्या, धडधाकट हाडांच्या माणसांनी. मग पाणी थोडं कमी काढायचं ठरलं, पुढे आम्ल बदलून फॉस्फोरिक केलं. २०२३ मध्ये स्थानकाने एकूण पाण्याची ९८ टक्के पुनर्प्राप्ती गाठली. तिथेही पाणी पेल्यात पडण्याआधी त्याची विद्युतवाहकता मोजली जाते. आकडा पसंत पडला नाही तर पाणी आपोआप मागे वळून पुन्हा गाळणीत जातं.

जमिनीवर इतकी यंत्रं कुणाला परवडणार? पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर बरीच वर्षं काम झालं. त्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' हे पाणी गाळण्याचं यंत्र बाजारात आलं; वीज नको, नळाचं पाणी नको. त्यातली चतुराई जंतू मारण्यापुरती नव्हती. सुमारे ३,००० लिटर पाणी गाळून झालं की त्यातला गाळणीचा 'बल्ब' स्वतःच वाट बंद करतो. गाळणी निकामी झाल्यावरही पाणी येतच राहिलं तर घरातल्यांना ते कळणार कसं, या प्रश्नावर काढलेला हा तोडगा.

त्याहून स्वस्त प्रयोग बांगलादेशातल्या मतलबमध्ये झाला. कॉलऱ्याचे जिवाणू कापडातून सहज निसटतील इतके लहान असतात. पण ते तळ्यातल्या कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात, हे रीटा कॉलवेल आणि अन्वर हक यांच्या गटाला ठाऊक होतं. काही गावांतल्या बायकांना जुनी सुती साडी चार घड्या करून कळशीच्या तोंडावर बांधायला शिकवलं गेलं. जुनीच, कारण धुऊन धुऊन धागे पिंजलेले असतात आणि छिद्रं बारीक होतात. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला होता.

या संशोधकांचं विशेष असं की ते तिथेच थांबले नाहीत. पाच वर्षांनी ते त्याच गावांत परत गेले आणि आता कोण काय करतंय ते विचारलं. ३१ टक्के बायका अजून पाणी गाळत होत्या, आणि त्यांतल्या ६० टक्के साडीनेच. गाळणाऱ्या घरांच्या शेजारी राहणाऱ्या, स्वतः न गाळणाऱ्या घरांनाही कॉलऱ्याचा त्रास कमी झालेला दिसला.