जैता, लखीशाह आणि दिल्लीचे दोन गुरुद्वारे

दिल्लीच्या चांदणी चौकात, जिलेबीवाले आणि चांदीच्या दुकानांच्या गजबजाटात, गुरुद्वारा शीसगंज साहिब उभा आहे. शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांचा ११ नोव्हेंबर १६७५ रोजी औरंगजेबाच्या हुकमाने इथे शिरच्छेद झाला. ज्या वडाखाली तलवार चालली त्याचा बुंधा आणि गुरू जिथे स्नान करत ती विहीर आवारात आजही जपली आहे. शेजारीच कोतवाली होती. गुरूंना तिथेच कैदेत ठेवलं होतं.

शीख परंपरा सांगते की सक्तीच्या धर्मांतराने गांजलेले काश्मिरी पंडित कृपारामांसोबत आनंदपूरला आले आणि गुरूंनी त्यांचं गाऱ्हाणं आपल्या शिरावर घेतलं. पंडितांच्या गळ्यातलं जानवं शिखांचे पहिले गुरू नानक यांनी लहानपणीच नाकारलं होतं. जे आपण घालत नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यात राहावं म्हणून त्यांच्या गादीवरच्या नवव्या गुरूंनी मान दिली. आपल्या इतिहासात याला तोड मला तरी दिसत नाही.

गुरूंच्या आधी त्यांच्या तीन सोबत्यांना मारलं. भाई मतीदासांना करवतीने चिरलं, भाई दयालदासांना उकळत्या कढईत टाकलं, भाई सतीदासांना कापसात गुंडाळून जाळलं. गुरुद्वाऱ्यासमोरच्या चौकाला मतीदासांचं नाव आहे. अशा शहीदांची आठवण फक्त दगडात ठेवलेली नाही. रोजच्या अरदासीत, म्हणजे प्रार्थनेत, करवतीने चिरलेल्यांचं, सांधा न् सांधा तोडून घेतलेल्यांचं स्मरण होतं, आणि लहान मुलंही मोठ्यांबरोबर हात जोडून ते ऐकतात.

पण हे गुरुद्वारे मला सगळ्यात जास्त सांगतात ते शिरच्छेदानंतरचं. देह उचलायला कोणी धजू नये अशी दहशत होती. तेव्हा भाई जैता पुढे झाले. समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या रंगरेटा जातीचे हे शीख. त्यांनी शीस उचललं आणि लपतछपत, तीनशेहून अधिक किलोमीटरची वाट तुडवत आनंदपूरला नेलं. तिथे नऊ वर्षांच्या गोविंदरायांनी त्यांना कवटाळलं आणि वडिलांच्या शिरावर अंत्यसंस्कार केले. आनंदपूरलाही म्हणूनच एक शीसगंज आहे. हाच मुलगा पुढे गुरू गोविंदसिंग झाला आणि १७०८ मध्ये आपल्या नांदेडला गोदाकाठी त्याने देह ठेवला. जैतांनी अमृत घेऊन खालशाची दीक्षा घेतली, जीवनसिंग झाले आणि चमकौरच्या रणधुमाळीच्या दिवसांत लढता लढता पडले.

राहिलं धड. ते लखीशाह बंजाऱ्यांनी आपल्या मालाच्या गाड्यांमधून रायसीना गावी नेलं. उघड्यावर चिता रचली असती तर पहारेकऱ्यांना सुगावा लागला असता. त्यांनी देह घरात ठेवला आणि घरालाच आग लावली. शेजाऱ्यांना वाटलं, घर पेटलं. महाराष्ट्रातला बंजारा समाज आजही लखीशाहांचं नाव आदराने घेतो.

त्या जळालेल्या घराच्या जागी आज गुरुद्वारा रकाबगंज साहिब आहे, संसद भवनासमोर. दोन्ही जागा शिखांच्या हाती येऊन तिथे गुरुद्वारे उभे राहायला शतकाहून जास्त काळ गेला. १७८३ मध्ये करोडसिंघिया मिसलचे, म्हणजे शिखांच्या एका लढाऊ संघाचे, सरदार बघेलसिंग फौजेसह दिल्लीत शिरले. लाल किल्ल्यात निशाण लावूनही त्यांनी तख्त मागितलं नाही. बादशहा शाह आलमकडून त्यांनी गुरूंच्या जागांवर गुरुद्वारे बांधण्याची परवानगी मिळवली, आणि खर्चासाठी शहराच्या जकातीतले रुपयामागे सहा आणे. जिंकलेल्या सरदाराने शत्रूच्या राजधानीत प्रार्थनास्थळाच्या जागा मागून घ्याव्यात, हे त्या लुटालुटीच्या काळात फार मोठं होतं.

शीसगंजला आत जायचं तर जोडे जोडाघरात द्यायचे, डोकं झाकायचं, पाय धुवायचे. तुमचे धुळकट जोडे हातात घेणारा माणूस बाहेर बड्या दुकानाचा मालकही असू शकतो. इथे तो सेवादार असतो. लंगरात सगळे एकाच पंगतीत बसतात. जैतांना जिथे लोकांनी पाण्याला शिवू दिलं नसतं, त्याच समाजात ही पंगत गुरूंनी बसवली होती.

रकाबगंजच्या वाट्याला मात्र पुढेही शांतता आली नाही. नव्या राजधानीच्या आखणीसाठी इंग्रजांनी १९१४ मध्ये या गुरुद्वाऱ्याची भिंत पाडली. शिखांनी सरकारशी झुंज घेतली आणि ती पुन्हा बांधून घेतली. १ नोव्हेंबर १९८४ रोजी तर जमावाने याच गुरुद्वाऱ्यावर हल्ला करून दोन शिखांना जिवंत जाळलं. त्या दिवसांतल्या शिखांच्या नरसंहारात मारल्या गेलेल्यांचं स्मारक, 'सच की दीवार', आज याच आवारात आहे आणि भिंतीवर त्यांची नावं कोरली आहेत.