दट्ट्याच्या पंपाची पारख

मोटारी धुण्याच्या दुकानांत पाण्याची जी सणसणीत धार आपण पाहतां, ती ज्या यंत्रांतून निघते त्याच जातीचें यंत्र जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या व द्राक्षाच्या बागांत औषध फवारतें. बागाईतदार त्यास एचटीपी पंप म्हणतात. तो कोणत्या कंपनीचा घ्यावा, हा आजचा विषय.

विहिरीवरचा नेहमींचा पंप पात्यांच्या चाकानें पाणी लोटतो. यांत मात्र बहुधा तीन दट्टे असतात. ते एकामागून एक पुढें येतात, म्हणून धार तुटत नाहीं. दाब उत्पन्न होतो तो नोझलच्या बारीक छिद्रानें वाट अडविल्यामुळें. मिनिटास ३० लिटर पाणी ३० बार, म्हणजे हवेच्या सुमारें तीसपट दाबानें सोडावयाचें तर गुणाकार ९००. त्यास ६०० नीं भागिलें कीं दीड किलोवॅट. घर्षण जमेस धरूनही तीन अश्वशक्तीची मोटार पुरते. विक्रेता याहून फार मोठी मोटार गळ्यांत मारूं लागल्यास हा हिशेब त्याच्यापुढें मांडावा.

झिजतें तें दट्ट्याभोंवतींचें पॅकिंग आणि झडपा. शेततळ्यांतील गाळ त्यांस कानशीसारखा घासतो. मुंबईची एस्पी १९४६ पासूनची, फवारणी-यंत्रांसाठीं प्रसिद्ध. इटलीचा इंटरपंप व अमेरिकेचा कॅट हे धुण्याच्या धंद्यांत नांवाजलेले. अशा परदेशी पंपांचे दट्टे पुष्कळदां सिरॅमिकचे असतात. ते गंजत नाहींत. परंतु पंप कोरडा चालून तापला व एकदम थंड पाणी आलें, तर तडकतात.

आतां पैशाकडे वळूं. समजा, एक पंप १२ हजारांचा, त्यास दरवर्षीं ३ हजारांची दुरुस्ती. दुसरा २५ हजारांचा, दुरुस्ती १ हजाराची. पांच वर्षांअखेर खर्च २७ आणि ३० हजार. सातव्या वर्षाअखेर ३३ आणि ३२. म्हणजे महाग पंप स्वस्त ठरण्यास साडेसहा वर्षें लागलीं! रोज आठ तास धार सोडणाऱ्यास ही मुदत फार लवकर गांठतां येते, कारण झीज तासांवर होते. वर्षांतून मोजके दिवस फवारणाऱ्यास ती कदाचित् गांठतांच येणार नाहीं.

पण या हिशेबांत एक रकम धरलेली नाहीं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस पडला, पानें रात्रभर ओलीं राहिलीं, कीं द्राक्षावर केवडा पसरतो. त्या सकाळीं पंप गळूं लागला आणि पॅकिंग मुंबईहून यावयाचें असलें, तर दोन दिवसांत घड हातचे जातात. म्हणून कडवंचीच्या द्राक्षबागेसाठीं मी तरी ज्याचे सुटे भाग जालन्याच्या बाजारांत संध्याकाळपर्यंत मिळतात तोच पंप निवडीन, मग त्याचें नांव थोडें कमी मोठें असलें तरी चालेल. पंपाची किंमत विचारण्यापूर्वीं पॅकिंगची विचारावी, आणि तें दुकानांत डोळ्यांनीं पाहावें.

पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशीं जाळी बसवून ती दर टांकीस धुवावी. हें पंपाबरोबरच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. पण पुस्तिका बहुधा खोक्याबरोबरच अडगळींत जाते.